एक नंबरची मशीन

कारध्याचा चंद्रकुमार म्हणजे चालतीबोलती काळजी. घराला कुलूप लावलं की ओढून बघायचं, फाटकापर्यंत गेलं की परत येऊन पुन्हा ओढायचं, आणि वैनगंगेच्या पुलावर गाडी चढली की मागे बसलेल्या बायकोला विचारायचं, "कुलूप लावलं ना वो आपन?" त्याची बायको डिंपल हसायची. "लावलं जी," म्हणायची, "आन् नसन लावलं तं त्या चोरालेच तुमची कीव येईन." असा हा गडी, आणि धंदा कोणता करावा त्यानं? गावोगावच्या लोकांना इंटरनेट द्यायचा. म्हणजे ज्या धंद्यात सकाळी उठल्याबरोबर लोकांच्या शिव्या खायच्या आणि रात्री 'उद्या काय बंद पडते बाप्पा' म्हणत झोपायचं, शोधून शोधून नेमका तोच धंदा यानं पकडला.

धंदा मात्र जिवापाड करायचा. घरची धानाची शेती त्याची माय कुंताबाई मजूर लावून बघायची, आणि मागच्या खोलीत, जिथे पूर्वी पोत्यांची थप्पी असे, तिथे यानं मशिनी मांडल्या होत्या. मोठी लाईन तिथे यायची आणि छपरावरच्या अँटेनातून महामार्गाच्या कडेकडेने लाखनीवरून थेट साकोलीपर्यंत जायची. 'मोठी' आपली म्हणायला. दोन हजार अकरा साल होतं, गिऱ्हाईक वाढत होतं आणि लाईन होती तेवढीच होती. म्हणून त्यानं वाटेत एक मशीन बसवली होती. धंद्यात तिला प्रॉक्सी म्हणतात. गिऱ्हाइकानं कुठलंही पान मागितलं की ही मशीन ते मागणं मधेच धरते, स्वतः जाऊन पान आणते आणि त्याची एक प्रत जवळ ठेवते. दुसऱ्या कुणी तेच पान मागितलं की घरच्या घरी काढून देते. गिऱ्हाइकाला काही बदलावं लागत नाही, मधे कुणी उभं आहे हे कळतही नाही. फक्त एवढंच, की बाहेरच्या जगाला मग गिऱ्हाईक दिसत नाही, ही मशीनच दिसते. शंभर जणांनी मागितलं तरी बाहेरच्याला वाटतं, एकच माणूस मागतो आहे.

साध्या गिऱ्हाइकांचं त्यानं काही बिघडत नव्हतं. पण काही गिऱ्हाइकांनी स्वतःचा जाहीर पत्ता घेतला होता. म्हणजे त्यांच्या कॉम्प्युटरला जगात स्वतःचा नंबर होता, आणि बाहेरच्या माणसाला तो नंबर दिसणं हेच त्यांच्या कामाचं होतं. अशांना चंद्रकुमारनं आजवर त्या मशीनच्या वाटेला लावलं नव्हतं. त्यांची वाट वेगळी, सरळ बाहेर जाणारी. इथवर सगळं शहाण्या माणसासारखं चाललं होतं.

मग डिंपलची परीक्षा आली.

एका सहकारी बँकेत लिपिकांच्या जागा निघाल्या होत्या. डिंपल बारावीनंतर बाहेरून शिकून पदवीधर झालेली, धानाचा चुरणा म्हणजे मळणी, सासूचं दुखणं, नवऱ्याची काळजी असं सगळं सांभाळून चुलीपुढे पुस्तक उघडून बसणारी. दोनदा थोडक्यासाठी हुकलं होतं. यंदाही हुकलं तर वयाची मर्यादा उलटत होती, पुढच्या वर्षी अर्जच घेतला नसता. ती तोंडानं काही बोलत नसे, पण कणीक मळताना ओठ हलायचे आणि ते गणिताचे पाढे असायचे. कुंताबाईनं तर सुनेसाठी शेजारणीचं येणंजाणंच बंद करून टाकलं होतं. "पोरीचा अभ्यास सुरू हाये," म्हणायची, "कुटाळक्या पेपर झाल्यावर करू, आंबाडीची भाजी तोडता तोडता."

परीक्षा कॉम्प्युटरवर होती आणि केंद्र आलं साकोलीचं. साकोलीत यादोरावांचं कॉम्प्युटर शिकवण्याचं केंद्र होतं, आणि तिथे नेट होतं चंद्रकुमारचं! परीक्षा घेणाऱ्या कंपनीची अट होती की प्रत्येक मशीनला स्वतःचा जाहीर पत्ता पाहिजे, एका पत्त्यावरून एकच उमेदवार. तेवढ्यासाठी यादोरावांनी चंद्रकुमारकडून पत्ते घेतले होते. दुसरा कुणी नवरा असता तर खुश झाला असता. या बिचाऱ्याची झोप उडाली. लाईन मंद झाली तर? डिंपलचं पान उघडता उघडता वेळ निघून गेला तर? बायकोचा पेपर आणि नवऱ्याच्या नेटनं घात केला, असं झालं तर तोंड कुठे लपवायचं?

तेव्हा परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यानं मनाशी एक ठरवलं. परीक्षेची पानं, चित्रं, सूचना सगळ्यांना सारखीच असणार. ती आपल्या मशीननं एकदा आणून ठेवली की सगळ्यांना झटक्यात मिळतील, डिंपलला सगळ्यात आधी. म्हणून आजवर जपून बाजूला ठेवलेले केंद्राचे ते जाहीर पत्तेही त्यानं प्रॉक्सीच्या वाटेला लावून टाकले. आणि मागे कुणीतरी नेटवरून घुसून त्याच्या मशिनीत ढवळाढवळ केली होती, तेव्हापासून त्यानं बाहेरचं दारच बंद करून टाकलं होतं. मशीनला काही सांगायचं तर कारध्याच्या त्या खोलीत, तिच्यापुढे बसूनच सांगायचं.

दुपारी तो साकोलीला गेला तपासायला. यादोरावांचं केंद्र राईस मिलच्या भिंतीला लागून. दिवाळी होऊन गेलेली, नवं धान मिलवर आलेलं, मिल दिवसभर धडधडत होती आणि कोंडा असा उडत होता की माणसाच्या भुवया पिवळ्या व्हाव्यात. यादोराव तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून म्हणाले, "हे पाहा चंदूभाऊ, सगळ्या मशिनीवर प्लास्टिकच्या पन्न्या बांधून ठेवल्या. उद्या पेपर हाये, आज कोंडा आत गेला तं मी कोनाले तोंड दाखवू? एक नंबरची उघडून देतो, थेच पाहून घ्या. एक चालली म्हंजे साऱ्या चालल्या."

खरं म्हणजे इथेच आपल्या काळजीवाल्या गड्यानं पाय रोवायला हवा होता. जो माणूस कुलूप दोनदा ओढतो, त्यानं दुसरी मशीनही उघडून बघायला नको? पण यादोरावांच्या पन्न्यांची भीड पडली. कोंड्याची भीतीही खरी होती, मागच्याच मोसमात दोन मशिनी कोंड्यानं गुदमरून बंद पडलेल्या त्यानं स्वतः पाहिल्या होत्या. त्यानं एक नंबरची मशीन लावली, कंपनीचं सरावाचं पान मागितलं, आणि ते असं समोर आलं की यादोरावांनी तोंडातला खर्रा गालात सरकवला. "अरे बाप रे! हे तं विमान झालं!"

"उद्या डिंपलले इथंच बसवता काय?" चंद्रकुमारनं हळूच विचारलं.

"वहिनीची एक नंबर पक्की," यादोराव म्हणाले. "काळजी नोका करू."

हे कुणाला सांगता!

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रावर वीसेक उमेदवार जमले. चंद्रकुमारनं डिंपलला फाटकाशी उभं करून शेवटचं सांगितलं, "घंटी झाली का लगेच सुरू करजो. कोनाची वाट पाहू नोको. तू पयली आत जा."

"आन् तुमी?"

"मी हाये ना इथंच."

"म्हनूनच भेव लागते," असं म्हणून ती हसली, मोबाईल त्याच्या हातात दिला आणि आत गेली. हातात फक्त ओळखपत्र होतं आणि कुंताबाईनं दिलेला अंगाऱ्याचा कागद.

फाटकाबाहेर आईबाप, नवरे, भाऊ असे उभे होते. आंधळगावचे श्यामराव नावाचे एक म्हातारे विणकर लेकीला घेऊन आले होते. कोसा रेशमाची पातळं विणून विणून त्यांची बोटं वाकलेली. "पोरगी हुशार हाये जी," ते चंद्रकुमारला सांगत होते, "पन मी म्हंतो, मागावर नाही बसली पायजे थे. माह्या पाठीचं काय झालं थे मीच जानतो. तुमचं कोन हाये आत?"

"बायको."

"मंग देवच पाठीशी हाये तुमच्या, बायकोले शिकवता." म्हातारा मनापासून बोलला.

घंटा झाली. थोडा वेळ गेला. मग आतून आवाज वाढायला लागले, खुर्च्या सरकल्या, आणि यादोराव फाटकाकडे धावत आले. माणसाला वाईट बातमी येताना दिसते, ती अशी.

"चंदूभाऊ, आत या. लवकर या. उघडूनच नाही राहिलं."

"कोनाचंच नाही?"

"एकीचं उघडलं. बाकी साऱ्याइच्या मशिनीवर लिहून येते, या पत्त्यावरून परीक्षा आधीच सुरू हाये. असं कसं जी? साऱ्याइचे पत्ते तं अलग हायेत!"

अलग होते. पण बाहेर दिसत नव्हते. चंद्रकुमारला सगळं एकदम कळलं आणि त्यानं कपाळावर हात मारून घेतला. कंपनीला वीस उमेदवार दिसतच नव्हते. तिला दिसत होती कारध्याच्या मागच्या खोलीतली त्याची एकटी मशीन. त्या मशीनच्या तोंडून पहिला जो बोलला तो उमेदवार झाला, बाकीचे सगळे तोतये. आणि काल एकच मशीन उघडून बघितल्यावर हे कळणार तरी कसं होतं?

"कोनाचं उघडलं?" त्यानं विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"वहिनीचं," यादोराव म्हणाले.

कंपनीच्या वतीनं नागपूरहून रंजिता मॅडम निरीक्षक म्हणून आल्या होत्या. वयानं लहान, पण बोलणं पक्कं. व्हरांड्यात उमेदवार घोळका करून उभे होते, श्यामरावांची लेक भिंतीकडे तोंड करून रडत होती, आणि मॅडम फोनवर कंपनीशी बोलत होत्या. फोन ठेवून त्या चंद्रकुमारकडे वळल्या. "नेट तुमचं का? ऐका मग. मला अर्धा तास दिलाय. तेवढ्यात हे सगळे बसले तर त्यांना पूर्ण वेळ मिळेल. नाही बसले तर केंद्र बंद, आणि हे सगळे गैरहजर."

"पुन्हा परीक्षा?"

"होणार नाही. मी विचारून घेतलं."

"आन् जी बसली हाये?"

"तिचा पेपर सुरू झालाय, तो ग्राह्य धरला जाईल. तिला काही अडचण नाही."

म्हणजे असं. चंद्रकुमारनं काही केलं नाही, नुसता हात जोडून उभा राहिला, लाईन खराब म्हणाला, तर डिंपलचा पेपर निर्धोक होता. इतकंच नाही, या केंद्रावरून ती एकटीच. त्याच्या मनात हे आलं. आलं, खोटं कशाला सांगा, आणि आल्याबरोबर त्याला स्वतःचीच किळस वाटली. पण विचार काही जाईना.

दुसरा रस्ता त्याला दिसत होता. मशीनपुढे बसून तिला सांगायचं, एक नंबरला तेवढं धरून ठेव, बाकीच्यांना मोकळं सोड. दोन ओळींचं काम. डिंपलही वाचली असती आणि बाकीचेही. पण मशीन कारध्याला, हा साकोलीला, मधे महामार्ग आणि धानाचे ट्रक. उडत गेला असता तरी अर्ध्या तासात पोचला नसता. बाहेरचं दार त्यानं स्वतःच्या हातानं बंद केलेलं. भंडाऱ्याचा एक ओळखीचा पोरगा होता मशीनचं समजणारा, त्याला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. पुन्हा लागेना. तिसऱ्यांदा लागला तर तो एका लग्नासाठी बालाघाटला गेलेला. चंद्रकुमारचा शर्ट पाठीला चिकटला होता.

घरात होती फक्त कुंताबाई. तिला मशीनला काही सांगता येणार नव्हतं. पण वायर काढता आली असती. प्रॉक्सीच्या मशीनमधून वायर काढून खालच्या पेटीत, जिथून लाईन सरळ बाहेर जाते, लावली की मधला दलालच उठतो. स्वतःचा पत्ता नसलेल्या साध्या गिऱ्हाइकांचं नेट बंद पडलं असतं, पडो. जाहीर पत्तेवाले आपापल्या नावानं बाहेर दिसले असते. सगळे.

सगळे म्हणजे एक नंबरही. पेपर चालू असताना तिचा पत्ता बदलला असता, आणि भिंतीवर कंपनीची सूचना टांगली होती, परीक्षा सुरू असताना पत्ता बदलल्यास उमेदवाराचा पेपर कायमचा बंद होईल. काल तीच सूचना वाचून चंद्रकुमार यादोरावांना म्हणाला होता, हे बरं आहे, कुणी मधेच मशीन बदलून चोरी करू शकत नाही.

त्यानं मॅडमना सगळं सांगितलं. अडखळत, पण सगळं. आपली चूक, वायरीचा उपाय, आणि एक नंबरला बसलेली कोण आहे तेही. "तिचा पेपर उघडून देता येईन काय मॅडम? चूक माझी हाये, तिची नाही."

रंजिता मॅडमनी पुन्हा फोन लावला, बाजूला जाऊन बराच वेळ बोलल्या. परत आल्या तेव्हा त्यांचा आवाज उतरला होता. "नाही म्हणतात. एकदा बंद झाला की उघडायची सोय नाही. मला वाईट वाटतं." मग म्हणाल्या, "मी आत जाऊन त्यांना विचारू का? त्यांनाही कळलं पाहिजे. आधी त्या काय म्हणतात ते बघू."

खिडकीतून डिंपल दिसत होती. रिकाम्या खोलीत, उघड्या मशिनींच्या रांगेत ती एकटी. बाहेरचा गलका तिच्या कानावर पडत असणार, पण तिनं मान वर केली नव्हती. ओठ हलत होते. मधेच ती थोडी हसली, येत असलेला प्रश्न आला की हसायची तशी.

"नोका," तो म्हणाला. "तिले नोका इचारू."

"नक्की?"

"नोका इचारू म्हनलं ना!" तो ओरडलाच. थोड्या वेळानं मॅडम आत गेल्या, डिंपलच्या मागे उभ्या राहिल्या, पडद्याकडे बघितलं आणि काही न बोलता परत आल्या.

चंद्रकुमारनं घरी फोन लावला.

"माय, मी बोलून राहिलो. मागच्या खोलीत जा. फोन कानालेच लावून ठेव."

"त्या मशिनीच्या खोलीत? बाप्पा! मी तं तिथं झाडूही नाही मारत. काहून?"

"सांगतो. जा तू."

चपला फरफटल्याचा आवाज आला, कडी निघाली. "आली बापू. सारे लाइट लुकलुक करून राहिले. आता काय करू?"

"मधातली काळी मशीन पाहा. तिच्या मांगून दोन वायरी निघाल्या. एक निळी हाये."

"हाये."

"थे निळी काढ. तिच्या टोकाले एक नख हाये, थे दाबाचं आन् ओढाचं."

"करंट लागन काय रे?"

"नाही लागत माय."

"थांब, चष्मा आनतो." ती गेली. चष्मा आणायला किती वेळ लागावा! यादोराव घड्याळाकडे आणि चंद्रकुमारकडे आळीपाळीनं बघत होते. श्यामराव कधी आत येऊन उभे राहिले कुणाला कळलं नव्हतं, त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला होता. मग फोनमध्ये परत श्वास ऐकू आला. "आली. नख सापडलं. डिंपलचा पेपर कसा चालला रे? सुरू झाला?"

चंद्रकुमारनं खिडकीतून एक नंबरकडे बघितलं.

"काहून रे, ऐकू नाही येत? पोरीचा पेपर सुरू झाला का?"

"झाला माय."

"मी सकाळपासून तोंडात घास नाही घेतला. म्हनलं, थे येईन पेपर देऊन, मंगच जेवू संगं." तिचा आवाज आनंदी होता. "बरं, ओढू काय आता?"

एवढा एक शब्द म्हणायचा होता. चंद्रकुमारनं खिडकीकडे पाठ केली.

"ओढ," तो म्हणाला.

"निंघाली."

"आता खाली पांढरी पेटी हाये. तिच्यात रिकामी जागा पाहून खोसून दे. टक् वाजलं पायजे."

फोनमधून टक् ऐकू आलं. "बसली," कुंताबाई म्हणाली, "हिरवा लाइट लागला. अजून काही?"

"नाही माय. झालं."

आधी तीन नंबरच्या मशीनवर पान उघडलं, मग सातवर, मग पटापट सगळीकडे. यादोराव ओरडले, "चला चला, बसा आपापल्या जागी!" श्यामरावांची लेक डोळे पुसत धावली. मॅडमनी पुन्हा घंटा दिली. वीसेक माणसं खाली माना घालून बसली तेव्हा एक बाई त्यांच्यातून उठली.

डिंपल बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. चंद्रकुमार दिसल्याबरोबर तिचा बांध फुटला. "अजी, माह्याच हातून झालं काहीतरी. चांगला सोडवून राहिली होती मी, सारं येत होतं. एक बटन दाबलं आन् बंदच झालं. मॅडम म्हंते, आता नाही उघडत. मी काय दाबलं, मलेच नाही समजून राहिलं." पदरात तोंड खुपसून ती रडायला लागली. "मायले काय सांगू? माय उपाशी असन तिकडं."

श्यामराव तेवढ्यात जवळ आले. म्हाताऱ्याला आतलं काही माहीत नव्हतं, त्यानं चंद्रकुमारचे दोन्ही हात धरले, "लय उपकार झाले भाऊ," एवढंच म्हणाला आणि पुन्हा फाटकाकडे गेला. डिंपलनं पदरातून मान वर केली. हा कशाचे उपकार मानतो, ते तिला कळेना.

चंद्रकुमारला गप्प बसता आलं असतं. बटण चुकलं म्हणून ती चार दिवस रडली असती, त्यानं समजूत घातली असती, हळूहळू विसरलीही असती. कुंताबाईला तर कधीच कळलं नसतं की निळी वायर ओढून आपण काय केलं. हेही त्याच्या मनात आलं, पण आता त्याच्यानं ते सोसवलं नाही.

"तुह्या हातून काही नाही झालं," तो म्हणाला. "मी बंद केला तुहा पेपर." आणि उभ्या उभ्या त्यानं तिला सगळं सांगितलं. प्रॉक्सी, पत्ते, पन्न्या, अर्धा तास, मायला केलेला फोन. आठ वर्षं त्या मशिनींच्या शेजारी भाकरी थापणारी ती, तिला समजावून सांगावं लागलं नाही. तिचं रडणं थांबलं होतं.

"वीस जनं होते?" तिनं विचारलं.

"हो."

"ते सारे घरी गेले असते?"

"हो."

ती फाटकाच्या गजांकडे बघत राहिली. मिल धडधडत होती, दोघांच्याही केसांवर कोंडा बसत होता. चंद्रकुमार वाट बघत होता की ती चिडेल, ओरडेल, निदान टोचून बोलेल तरी. तिनं तसं काहीच केलं नाही.

"थे मॅडम आत आली होती," ती शेवटी म्हणाली. "माह्या मांगं उभी रायली. मले वाटलं काही सांगते. मंग तशीच गेली."

"तिले तुले इचाराचं होतं. मीच नोका म्हनलं."

"काहून?"

तू नाही म्हणशील याची भीती होती, असं म्हणावं, तर ते खरं नव्हतं. तू हो म्हणशील, आणि हो म्हणताना तुझं तोंड मला बघावं लागेल, त्याची भीती होती.

"मी उठली असती जी," डिंपल म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता आणि तोच त्याला सोसवेना. "थे पोरगी भिंतीकडे तोंड करून रडून राहिली होती, डोळ्याच्या कोपऱ्यातून मले दिसत होती. मले सांगतलं असतं तं मी माह्या पायानं उठली असती. पेपर तं गेलाच असता. पन मी देल्ला असता थो. तुमी माह्या हातून काढून घेतला."

तिनं त्याच्या हातातून आपला मोबाईल घेतला आणि घरी फोन लावला.

"माय," ती म्हणाली, "तुमी जेवून घ्या."